रेडकर मॅडमची गॅलरी

रेडकर मॅडमनी मला माझ्या नावाने कधी हाक मारली नाही. परळच्या त्या ऑफिसात मी रुजू झालो तेव्हा मला खिडकीजवळची जागा मिळाली आणि मी 'खिडकी' झालो. "ए खिडकी, चहा घेणार का रे?" असं त्या भर मजल्यावर विचारत. पुढे मला तिथून उठवून प्रिंटरशेजारी बसवलं आणि खिडकीत एक नवी मुलगी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम ताडताड खिडकीपाशी गेल्या, त्या मुलीच्या टेबलावर हात टेकवला आणि म्हणाल्या, "आणि तेवढ्यात वरच्या गॅलरीतून कुणीतरी बादलीभर पाणी ओतलं की रे!"

आदल्या संध्याकाळी मला सांगत असलेल्या गोष्टीचा तो उरलेला भाग होता. ती मुलगी बिचारी वर छताकडे बघायला लागली. मी प्रिंटरजवळून ओरडलो, "मॅडम, मी इकडे आहे!" त्यांनी मान वळवून माझ्याकडे जरा नाराजीने पाहिलं.

"तू आता प्रिंटर," त्या म्हणाल्या. "प्रिंटरला मी काही सांगत नव्हते."

ते पाणी कुणाच्या डोक्यावर पडलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. त्या मुलीला मात्र माहीत आहे.

मॅडम पन्नाशीच्या, बुटक्या, चालताना कायम उशीर झाल्यासारख्या. लग्न केलं नव्हतं. लालबागच्या चाळीत वडिलांबरोबर राहायच्या आणि ऑफिसला चालत यायच्या. ऑफिसात त्यांच्या वयाचं दुसरं कुणी नव्हतं आणि त्या सांभाळत होत्या त्या प्रोग्रामच्या वयाचंही दुसरं काही नव्हतं. दादरच्या एका मंगल कार्यालयाची ती जुनी वेबसाइट. लग्नघरच्या लोकांनी तिथे जाऊन काय काय हवं ते भरायचं आणि ते थेट कार्यालयाच्या आचाऱ्यापर्यंत पोचायचं. प्रोग्राम त्यांचा आणि त्यातल्या चुका शोधणं माझं काम. चुका शोधणं मला उपजतच जमतं, असं गिरगावात आमच्या घरी सगळे म्हणतात. त्यांचा सूर कौतुकाचा नसतो.

नंतर आमच्याकडे कुठलंच टेबल कुणाचं नाही असा नियम निघाला. संध्याकाळी सगळं उचलून लॉकरमध्ये टाकायचं, सकाळी मिळेल तिथे बसायचं. मॅडम रोज त्याच टेबलावर बसत आणि रोज ते पहिल्यापासून मांडत. आधी डबा, मग चष्म्याचं घर, मग पेनांचा पेला, मग तुळशीचं प्लास्टिकचं रोप आणि शेवटी कॅलेंडर. सगळं मांडून झाल्याशिवाय मशीन सुरू करायचं नाही. मांडणी अर्ध्यावर असताना कुणी "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणालं, तर त्या सगळं परत पिशवीत भरत आणि डब्यापासून पुन्हा सुरुवात करत. आमचा टीम लीडर निनाद लिफ्टमधून बाहेर आला की आधी भिंतीआडून कॅलेंडर लागलंय का ते बघायचा आणि मगच आत यायचा.

"हे काय आहे मॅडम?" मी एकदा विचारलं.

"आधी उभं करायचं," त्या म्हणाल्या, "मग आठवतं."

मला वाटलं, बाईंचा एक स्क्रू ढिला आहे. नंतर कळलं की त्यांच्या प्रोग्रामचा सगळा संसार याच एका वाक्यावर चालला होता. त्या वेबसाइटवर एक बटण होतं, 'आणखी एक हवे'. ते दाबलं की एक नवा रिकामा रकाना उगवायचा. पण त्या जुन्या पद्धतीत कुठलंही बटण दाबलं की अख्खं पान सर्व्हरकडे जातं आणि तिथे नव्याने तयार होऊन परत येतं. जे रकाने मुळापासून पानावर आहेत ते सर्व्हरला ठाऊक असतात. तुम्ही मागाहून मागून घेतलेला रकाना मात्र तो साफ विसरतो. त्याला दर फेरीला तो रकाना पुन्हा उभा करून द्यावा लागतो, त्याच जागी आणि त्याच नावाने, तोही आतला मजकूर परत यायच्या आधी. मग ज्याचा मजकूर त्याच्यात बरोबर जाऊन बसतो. उभं करायला उशीर झाला, तर मजकूर येतो, त्याला शिरायला जागा नसते, आणि तो जातो कुठे ते कुणालाच सांगता येत नाही.

आणि क्रम चुकला तर काय होतं ते दादरच्या आचाऱ्याने आम्हाला सांगितलं. एका मुलीकडच्या मंडळींनी सगळं भरून झाल्यावर आधी मागवलेली जिलबी रद्द केली. जिलबीचा रकाना गेला, बाकीचे एकेक घर वर सरकले, आणि मजकूर मात्र होता त्याच जागी येऊन बसला. आचाऱ्याचा ऑफिसात फोन आला, तो मी स्पीकरवर लावला.

"साहेब, कोथिंबीरवडी पाकात मुरवून द्या असं आलंय. देतो. माझं काय जातंय? पण खाली लिहिलंय सनईवाले, गरमागरम, कुरकुरीत तळून."

"पुढे?" मी विचारलं.

"पुढे गुरुजी. वाजवत वाजवत दारापर्यंत यावं."

मी हसून हसून खुर्चीतून पडायचा बाकी होतो. मॅडम हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा घरात चोरी झाल्यासारखा झाला होता. एवढ्यात निनाद आला आणि म्हणाला, "मॅडम, हे सगळं फेकून नव्याने लिहूया. हल्ली पान कुठे जातच नाही, सगळं जागच्या जागी होतं."

"कुठे जातच नाही?" मॅडमनी विचारलं. "मग ते परत कसं येणार?"

मॅडमनी दुपारपर्यंत चूक दुरुस्त केली. जिलबीचा रकाना त्यांनी परत आणला आणि फक्त डोळ्यांना दिसेनासा केला. "कुणालाच काढायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "लपवायचं. जागा राहिली पाहिजे, म्हणजे मागचे आपापल्या जागेवर राहतात."

त्याच वर्षी त्यांची चाळ गेली. शेजारी टॉवर आधी उभा राहिला, सगळ्यांना तिकडे हलवलं आणि मग चाळ पाडली. घरं सोडत काढून दिली, त्यामुळे एका गॅलरीतले शेजारी वेगवेगळ्या मजल्यांवर पांगले. मॅडमना चौदावा मजला मिळाला. ऑफिसात सगळ्यांनी अभिनंदन केलं, पेढे मागितले. मॅडमनी पेढे आणले आणि स्वतः एकही खाल्ला नाही.

मग हळूहळू कळलं. त्यांचे वडील, आबा, बोलायचे थांबले होते. मूळचे मालवणचे, जन्मभर गिरणीत काम केलेले. आमचं ऑफिस ज्या कंपाउंडात आहे तिथे पूर्वी त्यांच्या गिरणीचं सायझिंग खातं, म्हणजे सुताला खळ लावायचं खातं, होतं, म्हणून मुलगी सायझिंगात कामाला आहे अशी त्यांची पक्की समजूत होती. मॅडमनी कॉम्प्युटर, इंटरनेट सगळं सांगून पाहिलं होतं. "होय, पण खातां सायझिंगच मां?" एवढंच ते विचारायचे.

चाळीत असताना आबांचा नेम होता. संध्याकाळी ते गॅलरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे. पहिलं दार सावंतांचं. शिवडीच्या गोदीतून निवृत्त झालेल्या या माणसाजवळ आबा फक्त आपल्या पोटाबद्दल बोलत. दुसरं दार राणेकाकींचं, तिथे विषय मासळीचा. तिसरं दार कांबळे सरांचं. सर म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवायचे आणि माणूस चंद्रावर गेला हे आबांना मान्य नव्हतं. हे भांडण मॅडमच्या लहानपणापासून चालू होतं. शेवटचं दार स्वतःचं. तिथे नुकतीच कामावरून आलेली मुलगी उभी असायची. तिला आबा विचारायचे, "सायझिंगातून इलंस? जेवलंस?" की झाला दिवस पुरा.

टॉवरमध्ये आबा दार उघडायचे, समोर लिफ्ट बघायचे आणि दार लावून आत जायचे. डॉक्टरांनी सगळं तपासलं, काही सापडलं नाही. मॅडमनी शेजाऱ्यांना एकेक करून घरी आणून सोफ्यावर बसवलं. आबांनी सगळ्यांना हात जोडले, चहाची खूण केली आणि चहा झाल्यावर पुन्हा हात जोडले. सावंत तर रडकुंडीला आले. "माका पावणो समाजतंत," असं खाली उतरेपर्यंत म्हणत राहिले.

"बाकी कुणाशी नाही बोलले तरी चालेल," मॅडम एकदा चहाच्या टपरीवर मला म्हणाल्या. "मी घरी जाते, चप्पल काढते, समोर उभी राहते. ते बघतात आणि टीव्हीकडे वळतात. मला एवढंच पाहिजे रे, की त्यांनी 'इलंस?' म्हणावं." एवढं बोलून त्या कटिंगचा ग्लास तिथेच ठेवून निघून गेल्या. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं.

त्यानंतरच्या आठवड्यात एका मीटिंगमध्ये निनाद फळ्यावर काहीतरी काढत होता आणि मॅडम एकदम उभ्या राहिल्या. "मी गाढव आहे," त्या म्हणाल्या. "मी माणसं आधी आणतेय! रकाने कुठे आहेत?" आणि पर्स उचलून त्या भर दुपारी चालत्या झाल्या. निनादला वाटलं, नोकरी सोडली.

चाळ पाडणाऱ्या कंत्राटदाराकडे जुनं लाकूड अजून पडून होतं. मॅडमनी तिथे जाऊन त्यांच्या गॅलरीतली चार दारं शोधून काढली. निदान प्रत्येकाची एकेक झडप तरी मिळाली. सावंतांच्या दारावर घोड्याची नाल होती, काकींच्या दारावर दुधाच्या पिशवीसाठी खिळा, सरांच्या दारावर पाटी, आणि रेडकरांच्या दारावर मॅडमनी लहानपणी खडूने काढलेली आणि कधीच न गेलेली मांजर. लालबागच्या मांडववाल्यांकडून त्यांनी दारांना उभं राहायला पाय आणि पायांना चाकं लावून घेतली. टॉवरच्या पार्किंगच्या मजल्यावर पंपाच्या खोलीमागे ती दारं ठेवली. सेक्रेटरी धावत आले.

"रेडकर मॅडम, इथे कायमचं काही बांधता येणार नाही. नियम आहे."

"कायमचं कोण बांधतंय?" मॅडम म्हणाल्या. "रोज उभं करणार, रोज काढणार. कायम असून चालतच नाही."

ते इतक्या आनंदाने सांगितलेलं पाहून सेक्रेटरींनी परवानगी देऊन टाकली.

पहिल्या संध्याकाळी मॅडमनी मला बोलावलं. "चुका शोधायला ये," म्हणाल्या. पंपाच्या खोलीशेजारी माझ्यासाठी प्लास्टिकचं स्टूल मांडलं होतं. "तू इथे बस. तू पंप." मग लिफ्टपासून मोजून पावलं टाकत त्यांनी चार दारं ओळीत उभी केली. ती लागेपर्यंत सावंत, काकी आणि सर यांना जिन्यात थांबवून ठेवलं होतं. सर तिथून ओरडले, "रेडकर, शाळेच्या गॅदरिंगला पण एवढा उशीर नव्हता लागत!" दारं लागली, मग माणसं आपापल्या दारामागे गेली आणि मॅडमनी स्वतः वर जाऊन आबांना आणलं.

आबा लिफ्टमधून बाहेर आले. लेंगा, सदरा, काठी. दोन मोटारींच्या मधून जाणारी ती दारांची रांग त्यांनी पाहिली. मी चुका शोधणारा माणूस, पण तेव्हा एकही चूक सापडू नये असं वाटत होतं. आबा चालू लागले. घोड्याच्या नालेपाशी थांबले, घसा साफ केला.

"सावंता," ते म्हणाले, "पोट काय साफ होणा नाय रे."

दारामागून सावंतांचा हुंदकाच आला. "त्रिफळा घेवा, आबा," ते कसेबसे म्हणाले. आबा पुढे सरकले. काकींना विचारलं, "आज काय गावला गो?" काकींनी बांगडे सांगितले. मग सरांच्या दारापाशी काठी आपटली. चाळ सोडायच्या दिवशी टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला होता, तेव्हा आबा सरांना काहीतरी सांगत होते आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं होतं. "समजा गेले. समजा. पण..." एवढंच झालं होतं.

"पण परत येवची वाट त्यांका गावली कशी?" आबा म्हणाले.

सरांनी चष्मा काढून पुसला. "आबा, त्याचं गणित असतं," ते म्हणाले, आणि मग दोघं नेहमीसारखे भांडले. शेवटच्या दारापाशी, खडूच्या मांजरीजवळ, मॅडम पर्स खांद्याला लावून उभ्या होत्या. त्या घरी केव्हाच आल्या होत्या. पर्स मुद्दाम परत घेतली होती.

"सायझिंगातून इलंस?" आबांनी विचारलं. "जेवलंस?"

"इलंय," मॅडम म्हणाल्या. "जेवतंय आता." आणि माझ्याकडे वळून ओरडल्या, "ए पंप! काही चूक?"

मी नाही म्हणून मान हलवली.

त्यानंतर ही गॅलरी रोज संध्याकाळी भरू लागली. आबा दारांच्या बाहेर कुठेही बोलत नसत, पण दारांपाशी मनसोक्त बोलत. एकदा मॅडमना ऑफिसात उशीर झाला, म्हणून वॉचमनने मदत करायला दारं लावली आणि पहिल्या दोन दारांची अदलाबदल केली. मी स्टुलावर होतो, पण मलाही उशिरा लक्षात आलं. आबा पहिल्या जागी थांबले आणि राणेकाकींना पोटाची सगळी हकीकत तपशीलवार सांगितली. काकींनी पदर तोंडाला लावून "एरंडेल घेवा" असं सांगितलं. मग आबा सावंतांपाशी गेले आणि लाडात येऊन म्हणाले, "तुझ्या हातचो बांगड्यांचो तिखला खावन लय दिस झाले गो."

सावंत लाजले. अगदी खरोखर लाजले. "उद्या करतंय," असं म्हणून मोकळे झाले. तेवढ्यात मॅडम रस्त्यावरून धावत आल्या, "क्रम! क्रम चुकला!" असं ओरडत, आणि येणाऱ्या दोन मोटारी त्यांना बघून तिथेच थांबल्या. दुसऱ्या दिवशी सावंतांनी डब्यातून तिखला आणला होता. वाईट नव्हता, असं काकी म्हणाल्या.

पुढे सावंत मुलीकडे बदलापूरला राहायला गेले. वॉचमनने त्यांचं दार मागे ठेवायला घेतलं, तेव्हा मॅडमनी त्याच्या हातातून ते ओढून घेतलं. "काढायचं नाही," त्या म्हणाल्या. संध्याकाळी आबा घोड्याच्या नालेपाशी थांबले, पोटाचं सांगितलं, मागे कुणीही नसलेल्या दारासमोर उत्तरापुरता वेळ थांबले, मान डोलावली आणि पुढे गेले. मासळी काकींकडेच गेली आणि चंद्र सरांकडेच गेला.

मग मी ती नोकरी सोडली. मॅडमना फोन करायचं राहत गेलं. आबा गेल्याचं मला निनादकडून कळलं, तेही दिवस होऊन गेल्यावर. त्या शनिवारी संध्याकाळी मी लालबागला गेलो. दारं विकली असतील, मॅडम घरी असतील, पाच मिनिटं बसून यावं, असा विचार होता. लिफ्टकडे जाताना पार्किंगमध्ये नजर गेली आणि मी थांबलो. पंपाच्या खोलीशेजारी माझं स्टूल मांडलेलं होतं.

मॅडम दारं ढकलत आणत होत्या. मला पाहून त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही.

"मी येणार हे कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"कुणी नाही. रोज मांडते. बस."

मी बसलो. चार दारं ओळीत लागली. काकी आणि सर आपापल्या दारामागे गेले. मॅडमनी लिफ्टचं बटण दाबलं, दार उघडलं, आत कुणी नव्हतं, दार मिटलं. आबांना सावंतांच्या दारापाशी जेवढा वेळ लागायचा तेवढा सगळ्यांनी जाऊ दिला. मग राणेकाकी हळूच म्हणाल्या, "आज बांगडेच, आबा." पुन्हा थोडा वेळ गेला. कांबळे सर पाटीआडून बाहेर बघत होते.

"बरं, नाही गेले चंद्रावर," ते शेवटी म्हणाले. "तुमचंच खरं."

मॅडम पर्स खांद्याला लावून शेवटच्या दारासमोर उभ्या होत्या, मांजरीकडे तोंड करून. मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. नेहमीपेक्षा जरा जास्तच वेळ थांबल्या.

"इलंय, आबा," त्या म्हणाल्या. "जेवतंय आता."

मग त्यांनी डोळे पुसले आणि दारं आवरायला घेतली. मी मदतीला उठलो, तशा हात वर करून ओरडल्या, "ए पंप, तू जागेवर बस!" मी बसलो. सगळी दारं पंपाच्या खोलीमागे जाईपर्यंत मी तिथेच बसून होतो.